गुठळीचा माग आणि डी-डायमरची चाल

फुप्फुसाचा कर्करोग वेळेत सापडला, तो एका खंडापुरता मर्यादित असला आणि रुग्णाचे हृदय व श्वसन शस्त्रक्रिया पेलण्याजोगे असले, तर तो खंड काढून टाकणे हाच बरे होण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आजही मानला जातो. ही शस्त्रक्रिया पार पडून रुग्ण उठून बसू लागल्यावर, छातीतली नळी निघण्याच्या सुमारास किंवा घरी गेल्यानंतरही, एक वेगळेच संकट उभे राहू शकते. पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत रक्त गोठून गुठळी धरते, आणि तिचा तुकडा सुटून हृदयाच्या उजव्या बाजूमार्गे फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. पहिल्या प्रकाराला वैद्यकात ‘डीप व्हेन थ्रॉम्बोसिस’ आणि दुसऱ्याला ‘पल्मनरी एम्बोलिझम’ म्हणतात. दोन्ही मिळून शिरांतील गुठळीचा एकच आजार मानला जातो. फुप्फुसाचा एक भाग आधीच गमावलेल्या रुग्णाला उरलेल्या भागातली एखादी मोठी धमनी बंद होणे सहसा झेपत नाही, आणि म्हणूनच ही गुठळी लक्षणे दिसण्याआधी, शक्य तर केवळ रक्ताच्या तपासणीतून, ओळखता येईल का, हा प्रश्न छातीच्या शल्यचिकित्सेत गेली काही वर्षे सतत विचारला जात आहे.

हा त्रास किती जणांना होतो, याचे एकच उत्तर देता येत नाही आणि ते देता न येण्याचे कारण प्रश्नाच्या मुळाशी आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात फुप्फुसाचा भाग काढलेल्या रुग्णांत गुठळीचे सरासरी प्रमाण सुमारे २ टक्के आढळले. पण त्यात एकत्र केलेले बहुतेक अभ्यास रुग्णाला त्रास झाल्यावरच तपासणी करणारे होते. याउलट कॅनडातील एका अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, १५७ रुग्णांची शस्त्रक्रियेनंतर महिनाभराने, तक्रार असो वा नसो, सीटी स्कॅन व पायांची सोनोग्राफी करण्यात आली, तेव्हा १९ जणांत, म्हणजे १२.१ टक्क्यांत, गुठळी सापडली आणि त्यांतील बहुतेकांना काहीही जाणवलेले नव्हते. थोडक्यात, जो शोधतो त्याला सापडते. शोधण्याची पद्धत बदलली की आजाराचे प्रमाण सहापट बदलते, ही गोष्ट पुढच्या साऱ्या विवेचनात लक्षात ठेवावी लागते, कारण रक्तातल्या कोणत्याही चिन्हकाची, म्हणजे आजाराची खूण सांगणाऱ्या पदार्थाची, परीक्षा अखेर याच सापडलेल्या गुठळ्यांशी ताडून होत असते.

गुठळी का धरते याची मांडणी जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हर्को यांच्या नावाने ओळखली जाते. रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताचा स्वतःचा गोठण्याकडे कल वाढणे, ही तिची तीन कारणे. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही एकाच वेळी हजर असतात. रुग्ण कित्येक तास भुलीखाली कुशीवर निश्चल असतो; फुप्फुसाच्या मोठ्या रक्तवाहिन्या सोडवून, बांधून किंवा स्टेपलरने बंद करून कापल्या जातात; आणि कर्करोगाच्या पेशी ‘टिश्यू फॅक्टर’ नावाचे प्रथिन बाहेर टाकून गोठण्याची साखळी आधीपासूनच हलवून ठेवतात. कर्करोग आणि गुठळी यांचे हे नाते पॅरिसचे वैद्य आर्मान त्रुसो यांनी १८६५ मध्ये आपल्या व्याख्यानांत स्पष्ट केले होते. दोनच वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या शिरेत गुठळी धरली, तिच्यावरून त्यांनी आपल्या पोटात कर्करोग असल्याचा निष्कर्ष काढला आणि त्याच वर्षी जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. फुप्फुसाच्या कर्करोगातही सर्व प्रकार सारखे नसतात. ग्रंथिपेशींपासून उद्भवणाऱ्या ॲडिनोकार्सिनोमात गुठळीचे प्रमाण स्क्वेमस प्रकारापेक्षा जास्त असते, आणि ज्या गाठींत ‘एएलके’ किंवा ‘आरओएस-१’ या जनुकांची उलथापालथ झालेली असते त्यांत ते आणखी चढते.

लक्षणांवरून निदान करण्याचा मार्ग येथे जवळपास बंद असतो. धाप लागणे, छातीत दुखणे, नाडी जलद चालणे, ऑक्सिजन कमी भरणे ही फुप्फुसातील गुठळीची लक्षणे. आणि बरगड्यांमधून शस्त्रक्रिया झालेल्या, एक खंड काढलेल्या, छातीत नळी असलेल्या, कफ नीट निघत नसल्याने फुप्फुसाचा एखादा भाग बसलेल्या रुग्णात यांपैकी दोन-तीन लक्षणे तर गृहीतच धरलेली असतात. त्यात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा ‘एट्रियल फिब्रिलेशन’ हा प्रकारही या शस्त्रक्रियेनंतर वारंवार दिसतो. आपत्कालीन विभागांत संशय मोजण्यासाठी वापरली जाणारी वेल्स गुणपद्धती येथे लावून पाहिली की तिचा अपुरेपणा लगेच कळतो. तिच्यात गेल्या चार आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली असल्यास दीड गुण, कर्करोग असल्यास एक गुण आणि नाडी शंभराच्या वर असल्यास दीड गुण मिळतो. म्हणजे तिसऱ्या दिवशी नाडी १०४ असलेल्या प्रत्येक रुग्णाचे चार गुण कशाचाही विशेष संशय नसताना भरतात, आणि चार ही ‘गुठळीची शक्यता कमी’ या गटाची शेवटची पायरी आहे. जी मोजपट्टी सर्वांनाच उंबरठ्यावर आणून उभे करते, ती कोणालाही वेगळे काढू शकत नाही.

अशा वेळी रक्ताकडे वळणे स्वाभाविक आहे आणि रक्तातल्या चिन्हकांत डी-डायमरचे नाव सर्वांत आधी येते. महाराष्ट्रातल्या घराघरांत हा शब्द २०२० आणि २०२१ च्या कोरोनाकाळात पोहोचला. तपासणीच्या कागदावरचा तो आकडा वाचून माणसे घाबरली, पण तो नेमके काय मोजतो हे थोड्यांनाच सांगितले गेले. रक्त गोठते तेव्हा फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे बनतात आणि ‘फॅक्टर तेरा’ हा घटक त्या धाग्यांना आडवे टाके घालून जाळे पक्के करतो. पुढे शरीर हेच जाळे ‘प्लाझ्मिन’ या विकराने कातरू लागते. कातरताना आडव्या टाक्याने जोडलेले दोन तुकडे एकत्रच सुटतात. त्या जोडतुकड्याला डी-डायमर म्हणतात. म्हणून तो रक्तात वाढलेला दिसला, तर कोठेतरी फायब्रिनचे पक्के जाळे बनले आणि ते मोडूही लागले, एवढे निश्चित म्हणता येते. ते जाळे पोटरीच्या शिरेत होते, फुप्फुसाच्या धमनीत होते, की टाके घातलेल्या जखमेत, हे तो तुकडा सांगू शकत नाही. तो ओळखणारी विशिष्ट प्रतिपिंडे ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील संशोधकांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यानंतर ही चाचणी प्रयोगशाळांत रुजली. रक्तातून हा तुकडा निम्मा निघून जायला सुमारे आठ तास लागतात, त्यामुळे आकडा टिकून राहिला तर जाळे बनण्या-मोडण्याचे काम चालूच आहे असे समजावे लागते.

बाहेरून आलेल्या, फारसा संशय नसलेल्या रुग्णात डी-डायमरचे खरे बळ नकारात आहे. तो मिलिलीटरला ५०० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर गुठळी जवळपास नाहीच असे मानून स्कॅन टाळता येतो. वय वाढते तसा हा आकडा आपोआप चढतो, म्हणून पन्नाशीनंतर वयाची दहापट ही मर्यादा धरावी, म्हणजे सत्तर वर्षांच्या माणसाला ७००, असे २०१४ च्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासाने दाखवून दिले आणि ती सुधारणा व्यापकपणे स्वीकारली गेली. शस्त्रक्रियेनंतर मात्र हे नकाराचे बळच नाहीसे होते. जखम भरणे म्हणजे फायब्रिन घालणे आणि काढणे. छातीच्या पोकळीत साचलेल्या रक्तमिश्रित द्रवातही हेच चालते. कर्करोग स्वतः आकडा चढवून ठेवतो. त्यात न्यूमोनिया झाला तर आणखी भर पडते. पोटाच्या शस्त्रक्रियांवरील अभ्यासांत असे दिसले आहे की, डी-डायमर पहिल्या दिवसापासून चढतो, साधारण सातव्या दिवशी शिखर गाठतो आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मूळ पातळीवर यायला कित्येक आठवडे घेतो. म्हणजे पाचव्या दिवशी तो ५०० च्या आत असलेला रुग्ण सापडणे हीच विरळ गोष्ट.

याचा व्यवहारातला अर्थ एका कल्पित हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, दोनशे रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतील वीस जणांना खरोखर गुठळी आहे. चाचणीची संवेदनशीलता, म्हणजे गुठळी असलेल्यांना पकडण्याची क्षमता, ९० टक्के आहे. आणि विशिष्टता, म्हणजे गुठळी नसलेल्यांना मोकळे सोडण्याची क्षमता, केवळ ४० टक्के आहे. मग विसांपैकी अठरा पकडले जातील, पण गुठळी नसलेल्या १८० पैकी १०८ जणही संशयित ठरतील. एकूण १२६ संशयितांत खरे अठरा, म्हणजे सातात एक. उरलेल्या सहांना स्कॅनसाठी न्यायचे, शिरेतून रंगद्रव्य द्यायचे, मूत्रपिंडावर त्याचा भार टाकायचा आणि छातीतल्या नळीसह रुग्णाला वॉर्डातून हलवायचे. दुसऱ्या बाजूला मोकळ्या सोडलेल्या चौऱ्याहत्तरांत दोन गुठळ्या निसटलेल्या असतील. इतके करूनही जर प्रमाण वीसऐवजी चार, म्हणजे २ टक्के, धरले, तर संशयितांत खरे सापडणे साधारण चौतिसांतून एकावर उतरते. चाचणी तीच, पण ज्या समूहात ती वापरली त्या समूहाने तिची किंमत ठरवली.

तेव्हा एका दिवसाच्या एका आकड्याला विचारलेला ‘गुठळी आहे का’ हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या संशोधनाचा कल हळूहळू याच निष्कर्षाकडे झुकला आहे. उपयोग आहे तो आकड्याच्या चालीचा. शस्त्रक्रियेआधीची पातळी ठाऊक असेल, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या-सातव्या दिवशी त्याच प्रयोगशाळेत त्याच पद्धतीने मोजमाप झाले असेल आणि अपेक्षित चढ-उताराची सर्वसाधारण रेषा माहीत असेल, तर त्या रेषेपासून सुटणारा रुग्ण डोळ्यांत भरतो. घसरणीला लागलेला आकडा पुन्हा उलटा चढू लागला, किंवा इतरांच्या दुपटी-तिपटीने वर गेला आणि तेथेच थांबला, की पायांची सोनोग्राफी करण्याला सबळ कारण मिळते. चीन आणि जपानमधील अनेक रुग्णालयांनी फुप्फुसाच्या शस्त्रक्रियांनंतर असे क्रमवार मोजमाप प्रसिद्ध केले आहे. त्यांत गुठळी झालेल्यांचा डी-डायमर शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतरही सरासरीने जास्त असतो, हे जवळपास सगळीकडे आढळते. मात्र संशयाची रेषा नेमकी कोणत्या आकड्यावर आखावी, याबाबत दोन अभ्यास सहसा जुळत नाहीत. सरासरीतला फरक आणि एका रुग्णाविषयीचा निर्णय यांत अंतर असते, कारण दोन गटांचे आकडे एकमेकांवर मोठ्या प्रमाणात चढलेले असतात.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या पातळीला तर स्वतंत्र महत्त्व आहे आणि ते आजवर पुरेसे ओळखले गेलेले नाही. ती आधीच चढलेली असेल, तर दोन शक्यता असतात. पोटरीत एखादी गप्प गुठळी भूल देण्यापूर्वीच बसलेली असू शकते, आणि ती न पाहता शस्त्रक्रिया करणे धोक्याचे. किंवा कर्करोगच अधिक आक्रमक असू शकतो, कारण उंच डी-डायमर असलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात दीर्घकालीन जगण्याचे प्रमाण कमी असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत दिसून आले आहे. पहिल्या शक्यतेसाठी एक सोनोग्राफी पुरते. रक्त तर भूलतपासणीच्या वेळी तसेही काढले जाते. त्याच वेळी आणखी एक नळी भरून ठेवणे याला फारसा खर्च नाही, आणि पुढच्या प्रत्येक आकड्याला अर्थ देणारी आधाररेषा त्यातून मिळते.

त्या नळीकडेही जरा जवळून पाहायला हवे. डी-डायमरचे रक्त फिकट निळ्या झाकणाच्या नळीत घेतात; तिच्यात सोडियम सायट्रेटचे द्रावण मोजून भरलेले असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण हे प्रमाण राखण्यासाठी नळी खुणेपर्यंत भरावी लागते. घाईत ती अर्धी भरली, तर द्रावणाचे प्रमाण वाढून रक्त पातळ होते. शिर सापडायला वेळ लागून नळीत बारीक गुठळी धरली, तर नमुनाच निकामी होतो. यापेक्षा मोठा घोळ एककांचा आहे. काही प्रयोगशाळा डी-डायमर त्याच्या स्वतःच्या वजनात मोजतात, तर काही तो ज्या फायब्रिनोजेनपासून निघाला त्याच्या समतुल्य वजनात. दुसरा आकडा पहिल्याच्या साधारण दुप्पट येतो. म्हणून एका कागदावरचे २५० आणि दुसऱ्या कागदावरचे ५०० प्रत्यक्षात एकच असू शकतात. त्यावर कोणी नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर लिहितो, कोणी मायक्रोग्रॅम, कोणी मिलिग्रॅम प्रति लीटर. शस्त्रक्रिया एका शहरात, पुढची तपासणी गावाजवळच्या दुसऱ्याच प्रयोगशाळेत, अशी स्थिती असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ‘डी-डायमर दुप्पट झाला’ या वाक्याला एकक आणि पद्धत तपासल्याशिवाय काहीही अर्थ उरत नाही. शिवाय रुग्ण हेपॅरिनसारख्या रक्त न गोठू देणाऱ्या औषधावर असेल, तर हे औषध आकडा खाली आणते आणि असलेली गुठळीही झाकली जाऊ शकते.

डी-डायमर हा गोठण्याच्या नाटकातला शेवटचा अंक आहे. म्हणून संशोधकांनी त्याआधीचे अंक मोजण्याचा प्रयत्न केला. फायब्रिनोजेनपासून फायब्रिन बनवणारे थ्रॉम्बिन हे विकर तयार होताक्षणी अँटिथ्रॉम्बिन हा त्याचा प्रतिबंधक त्याला पकडतो, तेव्हा बनणारी जोडी मोजली की गोठणे आत्ता चालू आहे का ते कळते. प्रोथ्रॉम्बिनपासून थ्रॉम्बिन सुटताना उरणारा तुकडा हीच बातमी देतो. प्लाझ्मिन आणि त्याचा प्रतिबंधक यांची जोडी गुठळी विरघळण्याचा वेग सांगते आणि थ्रॉम्बोमोड्युलिन रक्तवाहिनीच्या अस्तराला झालेली इजा दाखवते. या घटकांचा एकत्रित संच पूर्व आशियातील काही मोठ्या रुग्णालयांत नेहमीच्या यंत्रावर मोजला जाऊ लागला आहे, आणि संचाचे उत्तर एकट्या डी-डायमरपेक्षा सरस असल्याचे काही अभ्यास सांगतात. पेशींच्या बाजूने पाहिले, तर चेतलेल्या प्लेटलेटांतून सुटणारे ‘पी-सिलेक्टिन’ आणि पांढऱ्या पेशींनी स्वतःच्या जनुकद्रव्याचे टाकलेले जाळे यांचा मागोवा घेतला जात आहे. व्हिएन्नातील कर्करोग व गुठळीच्या दीर्घ अभ्यासाने या दोन्हींचा संबंध गुठळीशी जोडला आहे. मात्र हे रुग्ण बहुतांशी शस्त्रक्रियेचे नव्हते, आणि ही मोजमापे अजून बहुतेक ठिकाणी संशोधनाच्या टेबलापुरतीच आहेत. त्यापेक्षा रोजच्या कामाचा असा एक स्वस्त आकडा वॉर्डात रोज लिहिला जातो आणि त्याच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. हेपॅरिन सुरू केल्यानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान प्लेटलेटांची संख्या निम्म्यावर आली, तर औषधाविरुद्धची एक विचित्र प्रतिक्रिया उद्भवलेली असू शकते, जिच्यात गुठळी रोखायला दिलेले औषधच गुठळ्या घडवू लागते. तेथे वाट पाहायची नसते, औषध लगेच बदलावे लागते.

चिन्हके एकटी न वापरता धोक्याच्या गुणपत्रिकेत बसवावीत, असा दुसरा प्रवाह आहे. कर्करोगातल्या गुठळीसाठी २००८ मध्ये मांडलेली खोराना गुणपद्धती प्लेटलेट, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी यांचे साधे आकडे घेते, आणि व्हिएन्नातील संशोधकांनी २०१० मध्ये तिच्यात डी-डायमर व पी-सिलेक्टिन यांची भर घातली. पण ती केमोथेरपी घेणाऱ्या बाह्यरुग्णांसाठी घडवलेली आहे. शस्त्रक्रियेचा घाव तिच्या हिशेबातच नाही. शल्यचिकित्सक त्यापेक्षा कॅप्रिनी गुणपद्धतीकडे वळतात. तीही या रुग्णांत एका अडचणीत सापडते. पासष्ट वर्षांचा रुग्ण घेतला, तर वयाचे दोन, कर्करोगाचे दोन आणि पाऊण तासापेक्षा लांबलेल्या शस्त्रक्रियेचे दोन असे सहा गुण त्याला दारातच मिळतात. धूम्रपानाने श्वासनलिका अरुंद झाल्या असतील तर सात. मानेतून मध्यवर्ती शिरेत नळी घातली असेल तर नऊ. बॉस्टनमधील एका गटाने नऊ किंवा अधिक गुण असलेल्यांना उच्च धोक्याचे मानून घरी गेल्यावरही औषध चालू ठेवण्याचा मार्ग अवलंबला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. मधल्या, म्हणजे पाच ते आठ गुणांच्या मोठ्या गर्दीत कोणाला निवडावे हा प्रश्न तसाच राहतो, आणि डी-डायमरची खरी जागा येथेच असू शकते. पत्रिकेने सर्वांना सारखे ठरवल्यावर चढत्या चालीने त्यांतले काही जण वेगळे काढता येतील. ही कल्पना अनेक केंद्रांनी आकडेमोडीचे आराखडे बांधून तपासली आहे. तिच्यावर विसंबून उपचार दिल्यास रुग्णांचे भले होते, हे मात्र यादृच्छिक चाचणीत अद्याप सिद्ध व्हायचे आहे.

या संशोधनात काही दोष पुन्हा पुन्हा दिसतात. बहुतेक अभ्यास एकाच रुग्णालयातले आणि जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत. ज्यांचा डी-डायमर चढला त्यांनाच सोनोग्राफीला पाठवले गेले, तर चाचणी स्वतःच आपले यश घडवते, कारण आकडा कमी असलेल्यांतली गुठळी कोणी पाहिलीच नाही. संख्याशास्त्रात याला पडताळणीचा पूर्वग्रह म्हणतात आणि फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेच्या साहित्यात तो सर्रास आढळतो. संशयाची रेषा ज्या रुग्णांवर आखली त्याच रुग्णांवर ती तपासली जाते, म्हणून दुसऱ्या रुग्णालयात ती ढासळते. आणि सर्व रुग्णांची सोनोग्राफी केलेल्या अभ्यासांत सापडलेल्या गुठळ्यांपैकी मोठा भाग पोटरीच्या स्नायूंतल्या लहान शिरांतला असतो. त्यांतल्या किती आपोआप विरघळल्या असत्या आणि किती वर सरकल्या असत्या, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अशा लहान गुठळ्या पकडणारा आकडा जीवघेण्या गुठळीचाही इशारा देईलच, असे गृहीत धरता येत नाही.

एका ठिकाणी तर पायांच्या शिरांवर आधारलेली सारी तपासणीच कमी पडते. डाव्या फुप्फुसाचा वरचा खंड काढताना हृदयाकडे शुद्ध रक्त नेणारी त्याची शीर कापून बंद केली जाते, आणि तिचा हृदयाला जोडलेला उरलेला खुंट इतर खंडांच्या तुलनेत लांब राहतो. त्या आंधळ्या खुंटात रक्त घुटमळून गुठळी धरू शकते. तिचा तुकडा सुटला तर तो हृदयाच्या डाव्या बाजूने थेट मेंदूकडे जातो आणि पक्षाघात घडवतो; फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पक्षाघाताचे हे कारण जपानी शल्यचिकित्सकांनी प्रामुख्याने पुढे आणले. वर उल्लेखिलेल्या कॅनडातील अभ्यासातही खुंटातून डाव्या कर्णिकेत पसरलेली एक मोठी गुठळी सापडली होती. पायांची सोनोग्राफी येथे निरर्थक असते, आणि खुंटातली छोटी गुठळी डी-डायमर फारसा हलवेलच असे नाही. तेथे रंगद्रव्य देऊन केलेला छातीचा सीटी स्कॅन हेच उत्तर.

चिन्हकांचा प्रश्न शेवटी प्रतिबंधाशी येऊन भिडतो. पोटाच्या व ओटीपोटाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियांनंतर एनॉक्सापॅरिन या हेपॅरिनच्याच कुळातल्या औषधाची रोजची इंजेक्शने आठवड्याभराऐवजी चार आठवडे दिल्यास गुठळीचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर येते, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. फुप्फुसासाठी तितका भक्कम पुरावा नाही. तरीही युरोपातील आणि अमेरिकेतील छातीच्या शल्यचिकित्सकांच्या संस्थांनी २०२२ मध्ये संयुक्त मार्गदर्शक सूचना काढून, मध्यम व उच्च धोक्याच्या रुग्णांना २८ ते ३५ दिवस औषध द्यावे अशी सशर्त शिफारस केली आणि तिच्यामागचा पुरावा कमी खात्रीचा असल्याचेही नमूद केले. महिनाभर रोज पोटावर इंजेक्शन घेणे रुग्णाला सोपे नसते, खर्च असतो, आणि ताज्या जखमेतून रक्तस्राव होण्याची भीती असते. म्हणून ज्याला गरज नाही त्याला ते न देणे हेही तितकेच महत्त्वाचे.

भारतात हा प्रश्न दोन कारणांनी वेगळे रूप घेतो. आशियाई लोकांत गुठळ्या क्वचित होतात, ही जुनी समजूत शिकवणीतून पुढे आलेली आहे, आणि तिचा परिणाम व्यवहारात दिसतो: ३२ देशांत झालेल्या ‘एन्डॉर्स’ या सर्वेक्षणाच्या भारतीय भागात धोक्याच्या गटातील रुग्णांपैकी केवळ १७ टक्क्यांच्या आसपास जणांना शिफारशीप्रमाणे प्रतिबंधक उपचार मिळालेले आढळले, तर सर्व देश मिळून हे प्रमाण निम्म्याजवळ होते. चीन-जपानमधील नियमित सोनोग्राफीचे आकडे या समजुतीला पाठबळ देत नाहीत. दुसरे म्हणजे, भारतात फुप्फुसाचा कर्करोग बहुतेकदा उशिरा सापडतो, त्यामुळे शस्त्रक्रियेला योग्य रुग्ण थोडे आणि तेही मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोजक्या केंद्रांत एकवटलेले असतात. यात एक संधी आहे. सर्व रुग्णांचा शस्त्रक्रियेपूर्वीचा डी-डायमर, ठरलेल्या दिवसांची क्रमवार मोजमापे आणि आकडा काहीही असला तरी प्रत्येकाची सोनोग्राफी, असा एकाच पद्धतीचा अभ्यास अशा दोन-तीन केंद्रांनी मिळून केला, तर पडताळणीचा पूर्वग्रह टळेल आणि भारतीय रुग्णांसाठीची रेषा भारतीय रुग्णांवरच आखता येईल.

तोवर करता येण्याजोगे काम रुग्णाला घरी सोडतानाच्या कागदावर आहे. जळगावहून किंवा सावंतवाडीहून आलेला रुग्ण आठव्या दिवशी घरी जातो आणि गुठळीचा धोका त्याच्याबरोबर महिनाभर प्रवास करतो. डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेपूर्वीचा आणि शेवटचा डी-डायमर एककासह व प्रयोगशाळेच्या पद्धतीसह लिहिलेला असेल, कॅप्रिनीचे गुण नोंदलेले असतील, इंजेक्शने कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची ते ठळक असेल, आणि एका पोटरीला सूज किंवा दुखणे, अचानक लागलेली धाप, थुंकीतून रक्त, बोलताना जीभ अडखळणे यांपैकी काहीही झाल्यास डी-डायमरसाठी न थांबता थेट सोनोग्राफी किंवा स्कॅन असलेल्या रुग्णालयात जावे असे मराठीत लिहिलेले असेल, तर तालुक्याच्या डॉक्टरांसमोर तो कागद उघडला जाईल तेव्हा त्यांना आकड्याची सुरुवात आणि चाल दोन्ही दिसतील.